पायवाट, तर आणि सायकल

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आठ दिवसांपूर्वी सांगितले, की या वर्षी तुम्ही बोलायचे. मी म्हटले, माझी मजल सातवीपर्यंत, आणि माझे व्याख्यान आजवर फक्त आमच्या म्हशीने ऐकले आहे. त्या म्हणाल्या, "तुमच्या सायकलीबद्दल बोला. ते काही शाळेत शिकवत नाहीत." तेव्हा सायकलीबद्दल बोलते, पण सायकलीच्या आधी वाट येते, म्हणून सुरुवात वाटेपासून करते.

माझे माहेर वाशिष्ठीच्या खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात. सासर इकडे दापोली तालुक्यात समुद्राकाठी. नकाशात बोट ठेवले तर दोन्ही गावे एका बोटाखाली येतात, पण मध्ये खाडी आहे. आपल्या कोकणात सारी गंमत आणि सारी अडचण या खाड्यांचीच. वर सावित्री बाणकोटला मिळते, मग जोगनदी आंजर्ल्याला, मग वाशिष्ठी दाभोळला, खाली शास्त्री जयगडला. समुद्राकाठाने चालू लागले, की दर काही कोसांवर पाणी आडवे येते.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी एक तर दोन सडे ओलांडून जायचे, नाही तर तरीने दाभोळला. मी १९९३ साली सातवी झाले. पहिल्या पाचांत होते, हे आज सांगायला हरकत नाही. माझे वडील वाईट नव्हते हो. ते मला घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात धक्क्यापर्यंत आले. वारा सुटला होता, होडी नारळासारखी वरखाली होत होती. तांडेल म्हणाला, "आज नाही सुटणार." वडील थोडा वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "रोज कशी जाशील गो बाय?" आम्ही परत फिरलो. माझे शिक्षण संपले ते असे, कोणी रागावले नाही की ओरडले नाही. माझा धाकटा भाऊ पुढे सड्यावरच्या वाटेने गेला, कारण मुलग्याला सड्यावर एकट्याने जाता येत होते.

सडा म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको, पण आपल्या मुंबईच्या लेकीसुना इथे बसल्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. गाव खाली आगरात, माडापोफळीत. मागे चढण. चढणीला जांभ्या दगडाच्या पायऱ्या, तिला पाखाडी म्हणायचे. पाखाडी चढून वर गेले, की झाडे संपतात आणि कातळाचे माळरान लागते, तो सडा. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर बोटभर मातीत इवली इवली फुले येतात, निळी, पिवळी, पांढरी, की पाय कुठे ठेवावा ते कळत नाही. मग पुन्हा उतरण, पऱ्ह्यावर साकव, आणि दुसरे गाव. कोकणातली जुनी वाट सगळी अशी चढउताराची. तिच्यावरून बायका डोक्यावर भाताचे ओझे घेऊन गेल्या, मासळीच्या पाट्या घेऊन गेल्या, माहेरवाशिणी गेल्या, सुइणी गेल्या.

आता पुळणीवरून चालण्याचे सांगते. हे मला माझ्या आजीने शिकवले, ती कधीच शाळेत गेली नव्हती. पुळणीवर चालायचे तर ओहोटीला चालावे. पाणी नुकते हटलेली ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते, कोरड्या वाळूत पाय रुततो आणि दम लागतो. ओहोटी कधी हे बघायला तिला कागद लागत नसे. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती पूर्ण, आणि त्यानंतर सहा तासांनी, दुपारी बाराच्या सुमारास, ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, ओहोटी दोननंतर. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. कृष्णपक्षातही प्रतिपदेपासून तसेच मोजायचे. थोडे मागेपुढे होते, पण फसत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी फार वर येते आणि फार खालीही जाते. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी मवाळ. माझ्या मुलीने मोबाइलवर ताडून पाहिले, वीस मिनिटांचा फरक निघाला. म्हणाली, "पणजी हुशार होती." मी म्हटले, तुला आज कळले.

लग्न होऊन मी २००० साली इकडे आले. माहेरी जायचे म्हणजे दाभोळपर्यंत एस.टी., मग लाँच, मग पलीकडे चढण. लाँच चुकली की खेड-चिपळूणवरून शंभरावर किलोमीटरचा वळसा. २००३ साली दाभोळ ते धोपावे अशी मोठी फेरीबोट सुरू झाली, जिला लोक जंगलजेट्टी म्हणतात. मोटारी, टेम्पो, गुरे, वऱ्हाड, सगळे तिच्यावर चढते. मी पहिल्यांदा चढले तेव्हा मुलगी पोटात होती. कठड्याला धरून उभी राहिले आणि एक गोष्ट मनात आली, ती आजवर कोणाला बोलले नव्हते. ही बोट दहा वर्षे आधी आली असती तर?

असो. सायकलीकडे येते.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ तुम्ही विसरला नसाल. आपल्याकडची निम्मी झाडे एका दुपारीत पडली. रस्ता दिसेना, सगळीकडे माड, आंबे, विजेचे खांब आडवे. कित्येक आठवडे दिवे नव्हते. त्या वेळी डांबरी रस्ता मोकळा व्हायला दिवस लागले, पण पाखाडीवरून माणसे दुसऱ्या दिवशीच ये-जा करू लागली. पलीकडच्या वाडीत एक बाळंतीण होती. तिला डाळ-तांदूळ पाखाडीनेच पोचले. मला वाटते, आपल्यातल्या पुष्कळ जणींना पाखाडीची खरी किंमत त्या आठवड्यात कळली. आणि नंतर आपण विसरलोही, ते पुढे सांगणार आहे.

त्या पावसाळ्यानंतर शाळा बंदच होती, मुलगी घरात कंटाळलेली. तिची सायकल पडवीत. एक दिवस ती म्हणाली, "आई, तुला शिकवते." मी चाळीशीतली बाई. पुळणीवर ओहोटीला गेलो, पहाटे, कोणी बघू नये म्हणून. पण आपल्या गावात पहाटे कोणी बघत नाही असे कधी होते का? पहिल्या दिवशी रापणवाले बघत होते. तिसऱ्या दिवशी मी सरळ पाण्यात गेले, सायकलीसकट. एक म्हातारे रापणकर म्हणाले, "वहिनी, हँडल बघू नका, लांब बघा." त्या दिवसापासून मला सायकल आली. सासूबाईंना कळले तेव्हा त्या बोलल्या नाहीत काही. संध्याकाळी म्हणाल्या, "साडीचा पदर चाकात जाईल, तिचा तो पंजाबी ड्रेस घालत जा." माझ्या सासूबाई इथे समोरच बसल्या आहेत, म्हणून जास्त बोलत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. पुळणीवर शिकायला ठीक, पण तिथे सायकल नेहमी चालवू नये. खारे पाणी आणि वाळू चेन खाऊन टाकते. आम्ही रोज गोड्या पाण्याने धुवून तेल घालत होतो, तरी एक चेन गंजलीच.

२०२१ च्या दिवाळीच्या आसपास एस.टी.चा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचे बरोबर की चूक हे मी सांगणार नाही. त्यांच्याही घरी चुली होत्या. पण त्याच वेळी, २०२२ च्या जानेवारीत, माझ्या आईने अंथरूण धरले. हे मुंबईला नोकरीवर. भाऊ पुण्याला, तो वहिनीला आईपाशी ठेवून गेला. रिक्षाला येऊन-जाऊन जे पैसे पडत ते मी एकदा दिले, दुसऱ्यांदा दिले, तिसऱ्यांदा हात पाकिटात जाईना. रात्री झोप येईना. सकाळी साडेसहाला सायकल काढली. सासूबाईंनी डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी दिली, आणि म्हणाल्या, "फोन करत जा."

इथून दाभोळ पंचवीस-तीस किलोमीटर. एस.टी.त बसून कधी कळत नाही, पण सायकलीवर कळते, की हा रस्ता सरळ असा नाहीच. बुरोंडीची चढण आली, उतरले आणि ढकलत नेली. माझी सायकल गिअरची नव्हती. वर गेल्यावर वारा लागला. उजव्या हाताला समुद्र, उन्हाचा पहिला पट्टा पाण्यावर. थांबून बघितला असता, पण मन थाऱ्यावर नव्हते. कोळथऱ्याकडचा फाटा मागे टाकला. उतारावर दोन्ही ब्रेक दाबून बोटे दुखली. एका ठिकाणी कुत्रे मागे लागले. मी खाली उतरून सायकल मध्ये धरून उभी राहिले, तेव्हा ते गेले. हे लक्षात ठेवा, पळू नये. दाभोळच्या उतारावर खाडी दिसली आणि मला रडू आले. का ते सांगता येत नाही. धक्क्यावर जुनी शाही मशीद आहे, तिच्या जवळ सायकल टेकवून पाणी प्याले. तेवढ्यात बोट लागली.

बोटीवर लोकांनी विचारले, कुठून? सांगितले. एका ट्रकवाल्याने हात जोडले. मला लाज वाटली.

पलीकडे धोपाव्याची चढण फार अंगावर येते. ती सगळी ढकलत गेले. बारा वाजायच्या आत माहेरच्या खळ्यात पोचले. आई ओटीवर खाटेवर होती. सायकलीची घंटी वाजली म्हणून तिला वाटले पोस्टमन आला. मग मला बघितले. माझ्याकडे नाही, सायकलीकडे कितीतरी वेळ बघत होती. म्हणाली, "आलीस गो बाय? एकटी?" मी म्हटले, हो. मग म्हणाली, "तेव्हाच हवी होती." एवढेच बोलली. मी तिला पेज भरवली, डोके विंचरले, आणि तीनच्या बोटीने परत निघाले, कारण अंधाराच्या आत घर गाठायचे होते. शेवटचे पाच किलोमीटर मी चालतच आले, पाय फिरेनात.

आई चैत्रात गेली. तोवर मी अकरा वेळा गेले. अकराही वेळा तिने भेट दिली, ओळखले. माझ्यापाशी आता एवढे आहे.

त्यानंतर सायकल सुटली नाही. पुढच्या वर्षी आपल्यातल्या आम्ही चौघी पौष महिन्यात निघालो. नावे सांगत नाही, त्या हसताहेत त्यावरून कळेलच. खाडी ओलांडून गुहागर. पहिला मुक्काम तिथे. व्याडेश्वराचे दर्शन, आणि ती लांबच लांब पुळण. दुसऱ्या दिवशी असगोली, पालशेत, वेळणेश्वर, तिथून हेदवी. हेदवीचा दशभुज गणपती बघितला आणि समुद्राकाठची बामणघळही बघितली. कातळात फट आहे, भरतीच्या वेळी तीतून पाणी तोफेसारखे वर उडते. ओहोटीला गेलात तर काही दिसत नाही, तेव्हा आधी तिथीची पाऊणपट करा. पुढे तवसाळ, आणि तिथून पुन्हा फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड. तिसऱ्या दिवशी मालगुंड, केशवसुतांचे गाव, आणि गणपतीपुळे. आमच्यातली एक म्हणाली, आता आरेवारेच्या रस्त्याने रत्नागिरीपर्यंत जाऊ. त्या रस्त्यासारखा देखणा रस्ता मी पाहिलेला नाही, एका वळणावर दोन पुळणी खाली पसरलेल्या दिसतात. पण चढणी बघून दुसरी म्हणाली, तुम्ही जा, मी टेम्पोने येते. शेवटी सगळ्याच टेम्पोने आलो. यात लपवण्यासारखे काही नाही.

कोणाला जायचे असेल तर सांगते. मार्गशीर्ष ते माघ हा काळ बरा. फाल्गुनापासून ऊन सोसत नाही. पावसाळ्यात सडा सुंदर, पण रस्त्यावर शेवाळ धरते, मोठ्या सरी अंगावर आल्या की उतारावर ब्रेक लागत नाही. पंक्चर काढायला शिका. आम्ही शिकलो, अर्ध्या दिवसात येते. बरोबर कोकमाचे आगळ आणि मीठ-साखर ठेवा. आणि बायकांची खरी अडचण कोणी पुस्तकात लिहीत नाहीत ती ही, की वाटेत जायची सोय नाही. आम्ही देवळे, शाळा आणि ओळखीची घरे यांची यादीच केली होती. घरोघरच्या बायकांनी जे अगत्य केले ते विसरणार नाही; एकीने तर पाणी मागितले म्हणून घावने करून घातली.

आपल्याच तालुक्यातल्या मुरूडचे अण्णासाहेब कर्वे सर्वांना ठाऊक आहेत. स्त्रियांसाठी त्यांनी १९१६ साली विद्यापीठ काढले, आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. पण ते सतरा वर्षांचे असतानाची गोष्ट मला जास्त आवडते. १८७५ साली परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. शंभराहून अधिक मैल, मध्ये सह्याद्री, दिवस पावसाचे. एवढे चालून गेल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांना ते वयाने लहान वाटले, आणि परीक्षेला बसूच दिले नाही! परत आले. मी हे मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांनी पुढे काय केले?" मी म्हटले, तुझे कॉलेज.

आता जे बोलायचे ठरवून आले होते ते बोलते. गोड लागणार नाही.

आपल्या वाडीतून पुळणीवर उतरणारी पाखाडी २०२२ च्या दिवाळीनंतर बंद झाली. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन विकली गेली, घेणाऱ्याने चिऱ्याची भिंत घातली आणि फाटक लावले. त्याने पैसे मोजले आहेत, त्याला त्याची जागा राखायची आहे, हे मला समजते. पण पाखाडी त्याने विकत घेतली नव्हती. त्या वेळी आपण काय केले? हळदीकुंकवाला बोललो. नळावर बोललो. म्हटले, बघू, लग्नसराई होऊ दे. मग म्हटले, बघू, आंबे होऊ देत. आम्ही पाच जणी तहसील कचेरीत गेलो तेव्हा जुलै लागला होता. तिथल्या कारकुनाने नीट ऐकून घेतले आणि सांगितले, "ताई, मामलेदार कोर्ट कायदा म्हणून १९०६ चा कायदा आहे. त्याच्या पाचव्या कलमाखाली वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. पण अर्ज सहा महिन्यांच्या आत हवा." आपले सहा महिने मे महिन्यात संपले होते. आता दिवाणी कोर्ट, म्हणजे वकील आणि पैसे. माझ्या सासूबाई पन्नास वर्षे त्या पायऱ्यांनी उतरल्या. आता डांबरी रस्त्याने दोन किलोमीटर वळसा आहे, तो त्यांना होत नाही. घरातून समुद्राचा आवाज ऐकतात. कोळणींना पाटी घेऊन तोच वळसा. यात दोष मी त्या एकट्या माणसाला देत नाही. माझ्या घरी तर पंचांग भिंतीवर टांगलेले आहे, आणि मी सहा महिने मोजले नाहीत.

दुसऱ्या वेळी मोजले. २०२४ साली वरच्या वाडीच्या सड्यावर जाणाऱ्या वाटेवर खांब पडू लागले, तेव्हा मंडळाने तिसऱ्या आठवड्यात अर्ज दिला. भूमिअभिलेखातून गावनकाशाची नक्कल काढली. त्यात पाऊलवाट तुटक रेघेने दाखवलेली असते, ती सापडली. म्हाताऱ्या माणसांचे जबाब झाले, पंचनामा झाला, खांब निघाले. आज शाळेची मुले त्याच वाटेने जातात.

आता सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल बांधायचे सरकारने ठरवले आहे. रेवसपासून रेडीपर्यंत सलग रस्ता होईल. मी पुलाच्या विरुद्ध नाही. ज्या मुलीला तरीच्या वाऱ्यामुळे शाळा सोडावी लागली तिने पुलाला नको म्हणू नये. फक्त त्या पुलावर चालणाऱ्या माणसाला आणि सायकलीला कडेची चार हात जागा ठेवा, एवढे मागणारा कागद आपण आजच लिहून दिला पाहिजे, पूल झाल्यावर नव्हे. तो मजकूर मी कच्चा लिहून आणला आहे. अक्षर वाईट आहे. हायस्कूलच्या बाई दुरुस्त करून देणार आहेत, आणि सह्यांचा कागद दाराशी टेबलावर ठेवला आहे.

आणि येत्या माघ शुद्ध अष्टमीला आपण सगळ्या जणी उरलेल्या तीन पाखाड्या चालून बघायच्या आहेत, कोणत्या मोकळ्या, कोणती अडली, कुठे पायरी निसटली, ते लिहून घ्यायला. वरून सुरुवात करू, ओहोटी बाराला आहे, तेव्हा साडेअकरापर्यंत पुळणीवर उतरू आणि ओल्या वाळूवरून परत येऊ. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालच्या साकवापाशी थांबावे, तिथे सरबताची व्यवस्था आहे. प्रत्येकीने आपापली भाकरी आणावी.